स्मृतिभ्रंश कोणाचा ?

दुसऱ्यांच्या चुका शोधून काढण्याचा धंदा आम्ही आज एकतीस वर्षें करीत आहों. उत्तरपत्रिका तपासतांना विद्यार्थ्यानें कोठें पाठांतर केलें आहे, कोठें शेजाऱ्याचें पाहून लिहिलें आहे व कोठें त्याला खरोखरच कांहीं कळलें आहे, हें चार ओळी वाचतांच आम्ही ओळखतों, अशी आमची स्वतःविषयीं समजूत आहे. आणि आमचे सहकारीहि सौजन्यानें ती खरी मानीत आले आहेत. अशा तीक्ष्ण दृष्टीच्या माणसास, रोज दोन वेळां एकाच पंक्तीला जेवणाऱ्या सख्ख्या बहिणीचा आजार ओळखण्यास अडीच वर्षें लागावीं, ही गोष्ट सांगावयाची आम्हांस लाज वाटते. तरी ती सांगतों. कारण जी चूक आमच्या हातून झाली ती आमच्यासारख्या शिकल्यासवरल्या घरांतून सर्रास होत असावी असा आमचा तर्क आहे. आणि एखाद्या घरीं जरी ती या लेखामुळें चार महिने अगोदर लक्षांत आली, तरी आमच्या लाजेचें चीज झालें असें आम्ही समजूं.

आमची अक्का आमच्याहून चौदा वर्षांनीं वडील. आम्ही नऊ वर्षांचे असतांना आई गेली. त्यानंतर आमचें सर्व अक्कानेंच केलें. पुण्यांतील एका मुलींच्या शाळेंत तिनें तेहतीस वर्षें गणित शिकविलें. तिनें लग्न केलें नाहीं. कां केलें नाहीं, हें आम्हीं तिला कधीं विचारलें नाहीं. कारण उत्तर आम्हांस ठाऊक होतें. आमच्या कॉलेजची फी तिच्या पगारांतून जात होती. निवृत्त झाल्यावर ती आमच्याकडे राहूं लागली असें लोक म्हणत. वस्तुतः आम्हीच तिच्याकडे राहत होतों असें म्हणणें अधिक खरें होईल, इतका घराचा सारा कारभार तिच्या हातीं होता. रोज रात्रीं जेवणानंतर चष्मा पुसून कापडी बांधणीची लांबट वही उघडावी, दिवसाचा खर्च मांडावा, बेरीज करून खालीं दोन रेघा ओढाव्या आणि मग देवाला नमस्कार करून निजावें, हा तिचा क्रम. हिशेबांत एक रुपया कमी आला तर तो सांपडेपर्यंत घरांत कोणालाच झोंप मिळत नसे. श्राद्धांच्या तिथी, भाचरांचे वाढदिवस, कोणाच्या लग्नांत कोणीं काय आहेर केला होता, हें सारें तिला मुखोद्गत असे. आमच्या कुटुंबाची म्हणून जी कांहीं स्मृति होती ती अक्काच्या डोक्यांत होती. ती आपापल्या डोक्यांत ठेवण्याची तसदी आम्हीं कोणींच घेतली नव्हती.

पहिली चूक या वहींतच झाली. २०२१ सालच्या दिवाळीनंतरची ही गोष्ट. दुधाचे पैसे एकाच पानावर तीनदां लिहिलेले आम्हांस दिसले. आम्ही हंसून म्हणालों, "अक्का, गांवची गोठीं आपणच पोसतों काय?" तीहि हंसली, परंतु त्या दिवसापासून वही ती आमच्यापुढें उघडीनाशी झाली. मग एकेक गोष्ट होत गेली. "आज वार कोणता रे?" हा प्रश्न दुपारपर्यंत चार वेळां येऊं लागला. होळीला पुरण शिजवितांना तिनें डाळ शिजण्यापूर्वींच गूळ घातला व डाळ दिवसभर टणक राहिली. चाळणी हा शब्द न आठवून ती "तें पीठ गाळायचें" असें म्हणूं लागली. मंडईंतून घरीं येण्याचा जो रस्ता तिच्या पायांनीं चाळीस वर्षें तुडविला होता, त्या रस्त्यानें येण्यास तिला एके दिवशीं दोन तास लागले. विचारलें तेव्हां "मैत्रीण भेटली होती" असें तिनें सांगितलें. मैत्रिणीचें नांव विचारतां तिनें उलट आम्हांसच विचारलें, "तुला कशाला रे पंचाइती?" वर्गांत अडचणीचा प्रश्न आला असतां तो विद्यार्थ्यावरच परत टाकण्याची युक्ति शिक्षकास ठाऊक असते. अक्का ती युक्ति आपला दोष झांकण्यासाठीं वापरीत होती, आणि तीच युक्ति रोज वापरणाऱ्या आम्हांस ती ओळखतां आली नाहीं.

प्रत्येक गोष्टीचें कारण आमच्यापाशीं तयार होतें. वार विसरते, कारण निवृत्त माणसास वाराचें काय काम? पुरण बिघडलें, कारण डाळ जुनी. शब्द आठवत नाहीं, तो आम्हांसहि व्याख्यान देतांना आठवत नाहीं. रस्ता चुकली, कारण पुण्यांतील रस्ते आज आहेत तसे उद्यां नसतात. हीं उत्तरें सुटीं सुटीं घेतलीं तर पटण्याजोगीं होतीं; सर्व एके ठिकाणीं मांडून त्यांची बेरीज करण्याची बुद्धि मात्र आम्हांस झाली नाहीं. आणि या सर्व उत्तरांच्या पाठीशीं आपल्या भाषेंतील ती जुनी म्हण उभी होती: साठी बुद्धि नाठी.

या म्हणीनें व 'म्हातारचळ' या शब्दानें आपल्या समाजाचें किती नुकसान केलें असेल, याचा हिशेब कोणीं मांडलेला नाहीं. रोगास एकदां वयाचा धर्म म्हटलें कीं त्यावर वैद्य शोधण्याचें कारण उरत नाहीं. उरते ती थट्टा, आणि थट्टा संपली म्हणजे चीड. म्हण खरी असती तर साठी ओलांडलेल्या सर्वांचीच बुद्धि नाठी व्हावयास पाहिजे होती. परंतु आपल्या देशांत झालेल्या व २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत असें आढळलें कीं, साठ वर्षांवरील शंभर माणसांत हा विकार असणारीं माणसें सुमारें साडेसात आहेत. म्हणजे उरलेल्या ब्याण्णवांहून अधिक वृद्धांची बुद्धि शाबूत आहे, आणि म्हण त्यांस फुकट बदनाम करीत आहे. व जीं साडेसात खरोखर आजारी आहेत, त्यांचा आजार हीच म्हण झांकून टाकीत आहे. त्या साडेसातांची देशभरची संख्या सुमारें ८८ लक्ष होते. त्यांत पुरुषांपेक्षां स्त्रियांचें प्रमाण अधिक आहे.

मग साधा विसराळूपणा व हा विकार यांतील भेद सामान्य माणसानें कसा ओळखावा? आम्हांस पुढें जें कळलें तें असें. परिचिताचें नांव न आठवणें व तासाभरानें तें आपोआप आठवणें, हा वयाचा परिणाम असूं शकतो. परंतु झालेली गोष्ट सांगूनहि न आठवणें, तोच प्रश्न पुनः पुनः विचारणें, जन्मभर केलेल्या कामाचा क्रम चुकणें, ओळखीच्या जागीं वाट हरवणें, साध्या वस्तूंचीं नांवें जाणें, पैशांचा व्यवहार न जमणें, स्वभाव एकाएकीं संशयी किंवा उदास होणें, हीं लक्षणें महिनोमहिने हळूहळू वाढत असतील तर तीं वयाच्या खात्यावर घालतां कामा नयेत. मोजण्याचें माप मात्र ज्या त्या माणसाचें त्याच्यापाशींच असतें. आमची बेरीज चुकली तर त्याचा कांहींच अर्थ होत नाहीं. ती लहानपणापासून चुकतच आली आहे. अक्काची बेरीज चुकली तेव्हां आम्हीं त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावयास पाहिजे होतें.

तसें आम्ही गेलों नाहीं, आणि त्याची किंमत दुसऱ्याच एका माणसानें भरली.

२०२४ सालच्या जानेवारींत अक्काच्या पाटल्या नाहींशा झाल्या. आईच्या अंगावरच्या त्या एवढ्याच वस्तु राहिल्या होत्या. "बाईनें नेल्या; मीं डोळ्यांनीं पाहिलें," असें अक्का ठामपणें म्हणाली. बाई म्हणजे आमच्याकडे एकोणीस वर्षें धुणेंभांडीं करणारी, मुलें जिला मावशी म्हणत ती. अक्का खोटें बोललेली आम्हीं जन्मांत पाहिली नव्हती. मावशी म्हणाली, "दादा, एकोणीस वर्षं झालीं मला या घरांत." आम्हीं तिचा महिन्याचा पगार हातावर ठेवला व उद्यांपासून येऊं नये असें सांगितलें. पोलिसांकडे गेलों नाहीं, यालाच आम्ही त्या वेळीं आपलें औदार्य समजत होतों.

पुढील एकादशीस साबुदाण्याचा डबा उघडला, तेव्हां तळाशीं रुमालांत गुंडाळलेल्या पाटल्या निघाल्या. सोबत विजेचें बिल व चष्म्याचें रिकामें घर होतें. आमच्या गृहिणीनें तो रुमाल आणून आमच्यापुढें ठेवला व ती कांहीं न बोलतां आंत गेली. आम्हीं अक्काला हांक मारली. तिनें पाटल्यांकडे पाहिलें आणि शांतपणें म्हटलें, "ह्या माझ्या नव्हेत. माझ्या बाईनें नेल्या." मग मात्र आमचा तोल सुटला. ज्या स्वरांत आम्ही कधीं विद्यार्थ्याशींहि बोललों नाहीं, त्या स्वरांत आम्ही बोललों. वेड लागलें आहे काय, असें विचारलें; एका गरीब बाईचें अन्न तोडलेंस, असें म्हटलें. जणूं अन्न तोडण्याचा निर्णय तिचा होता, आमचा नव्हता! अक्का भिंतीला टेकून उभी राहिली. संध्याकाळीं ती आमच्या खोलीच्या दारांत आली व आंत न येतां म्हणाली, "माझें कांहीं चुकलें का रे? मला सांगितलेंस तर मी तसें करणार नाहीं." तेहतीस वर्षें दुसऱ्यांच्या चुका सुधारलेल्या बाईचा तो प्रश्न होता, आणि ती तो खरोखरच उत्तरासाठीं विचारीत होती.

त्या रात्रीं आम्हीं आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीस फोन केला. ती आमच्याकडे दोन वर्षें इंग्रजी शिकून पुढें वैद्यकाकडे गेली होती. तिनें सर्व ऐकून घेतलें व एवढेंच म्हटलें, "सर, अक्कांना रागावूं नका. वस्तु लपवून ठेवणें व ती चोरीस गेली असें खऱ्या मनानें वाटणें, हें या आजारांत फार वेळां होतें. त्यांना तपासूं या." मेंदूच्या विकारांचे तज्ज्ञ, ज्यांस न्यूरॉलॉजिस्ट म्हणतात, त्यांच्याकडे तिनें आम्हांस पाठविलें. वेळ मिळण्यास व तपासण्या पुऱ्या होण्यास पुढचे कांहीं आठवडे गेले.

तपासणी कशी होते हें वाचकांस ठाऊक असावें म्हणून थोडें सांगतों. डॉक्टरांनीं प्रथम अक्काला कांहीं न विचारतां घरच्यांस विचारलें: काय, केव्हांपासून, कोणत्या क्रमानें. येथें आमच्यापेक्षां आमच्या गृहिणीचीं उत्तरें अधिक उपयोगी पडलीं. मग रक्ताची तपासणी झाली. स्मृति ज्यांमुळें बिघडते असे कांहीं विकार बरे करतां येण्याजोगे असतात, व ते अगोदर शोधावयाचे असतात: बी-१२ या जीवनसत्त्वाची उणीव, जी आमच्यासारख्या शाकाहारी घरांतून पुष्कळ आढळते, थायरॉइड ग्रंथीचें मंदावणें, दीर्घकाळचें नैराश्य, पडल्यामुळें मेंदूवर सांचलेलें रक्त, मेंदूंतील पोकळ्यांत वाढलेलें पाणी, झोंपेचीं किंवा ॲलर्जीचीं कांहीं औषधें. वृद्ध माणूस दोन-चार दिवसांतच एकाएकीं भ्रमिष्टासारखें वागूं लागलें तर ती गोष्ट निराळी. त्यामागें बहुधा जंतुसंसर्ग, क्षारांची उणीव असें कांहीं असतें, आणि तेथें एक दिवसहि थांबतां कामा नये. अक्काचें बी-१२ फारच कमी निघालें. इंजेक्शनें झालीं, तिला थोडी हुशारी वाटली; परंतु गेलेलें परत आलें नाहीं. मेंदूची एम्. आर्. आय्. तपासणीहि झाली.

आणि झाली एक परीक्षा. १९७५ सालापासून जगभर प्रचारांत असलेली ही तोंडी परीक्षा तीस गुणांची असते. आम्ही जन्मभर परीक्षा घेतल्या, परंतु परीक्षार्थ्याच्या पालकाच्या खुर्चींत कधीं बसलों नव्हतों. साल विचारलें, अक्कानें १९९८ सांगितलें. शंभरांतून सात वजा करीत जा, असें सांगितलें. "त्र्याण्णव," ती तत्काळ म्हणाली, आणि आमचा जीव खालीं पडला. मग ती थांबली. बराच वेळ थांबून तिनें डॉक्टरांस हळूच विचारलें, "किती वजा करायचे होते?" नंतर घड्याळ काढावयास सांगितलें. तिनें काढलेलें वर्तुळ फळ्यावर काढावें तसें एका हातीं, सुरेख गोल होतें. त्यांतील बाराहि आंकडे मात्र एकाच बाजूस दाटीवाटीनें बसले होते. तिला तिसांपैकीं सतरा गुण मिळाले.

रोगाचें नांव आल्झायमर असें सांगण्यांत आलें. स्मृतिभ्रंश हें एकाच रोगाचें नांव नसून अनेक रोगांच्या परिणामाचें आहे; मेंदूच्या रक्तवाहिन्या बिघडल्यानें तो होतो, आणखीहि कांहीं कारणांनीं होतो; परंतु शंभरांतील साठ ते सत्तर रोग्यांत कारण आल्झायमर हेंच असतें. १९०१ सालीं जर्मनींतील फ्रँकफुर्ट येथील मनोरुग्णालयांत एक्कावन्न वर्षांची एक स्त्री डॉ. आलॉइस आल्झायमर यांच्यासमोर आली. तिच्या आजाराचा आरंभ नवऱ्यावरील संशयानें झाला होता. तिला स्वतःचें नांव लिहितां लिहितां तें हरवत असे, व आपण आपल्यालाच गमावून बसलों आहों, अशा अर्थाचें ती बोलत असे. १९०६ सालीं ती वारल्यावर डॉक्टरांनीं तिचा मेंदु सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला, तेव्हां त्यांत पेशींबाहेर सांचलेले साके व पेशींच्या आंत गुंतलेले तंतु आढळले. त्याच वर्षीं त्यांनीं ट्युबिंगेन येथील सभेंत तें मांडलें, आणि १९१० सालीं त्यांचे वरिष्ठ एमिल क्रेपेलीन यांनीं आपल्या ग्रंथांत या रोगास त्यांचें नांव दिलें. ज्या संशयानें आम्हीं मावशीस घालविलें, तो संशय या रोगाच्या पहिल्याच टिपणांत नोंदलेला आहे, हें वाचून आम्हीं पुस्तक मिटलें व दुसऱ्या दिवशीं गृहिणीसह मावशीच्या घरीं गेलों.

पर्वतीच्या उताराकडील वस्तींत ती राहते. एकोणीस वर्षांत आम्ही तेथें प्रथमच जात होतों. आम्हीं जें घडलें तें सांगितलें व क्षमा मागितली. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. चहा पुढें ठेवून मग म्हणाली, "अक्कांना बरं नाहीं, हें मला केव्हांच कळलं होतं. वर्षभर त्या मला रोज नवी बाई समजून नांव विचारायच्या. मी रोज सांगत होतें." आम्हीं विचारलें, मग हें आम्हांस कां सांगितलें नाहीं? ती म्हणाली, "तुम्ही शिकलेलीं माणसं. तुम्हांला कळत असेल, असं वाटलं."

या वाक्यास उत्तर आम्हांस अद्याप सुचलेलें नाहीं.

मावशी लगेच आली नाहीं, महिन्यानें आली. मधल्या काळाचा पगार देऊं केला तेव्हां तिनें तो मोजून घेतला, तें आम्हांस बरें वाटलें. आतां ती धुणेंभांडीं करीत नाहीं. दुपारपासून रात्रीपर्यंत अक्काजवळ असते, व त्या कामाचें वेगळें वेतन घेते. अक्काच्या आजाराचें औषध म्हणून जें कांहीं आम्हीं पाहिलें, त्यांत हें सर्वांत गुणकारी ठरलें.

औषधांची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमांटिन यांसारखीं औषधें आपल्याकडे मिळतात. तीं कांहीं रोग्यांस कांहीं काळ आधार देतात. अक्कालाहि एकाचा थोडा गुण आला. रोग तीं थांबवीत नाहींत. अमेरिकेंत २०२३ सालीं लेकॅनेमॅब व २०२४ सालीं डोनॅनेमॅब या नव्या औषधांस मान्यता मिळाली. तीं मेंदूंतील तो सांका काढतात व रोगाची चाल किंचित् मंद करतात. परंतु तीं रोगाच्या आरंभींच द्यावयाचीं असतात, आणि मेंदूस सूज येण्याचा किंवा त्यांत रक्तस्राव होण्याचा धोका असल्यामुळें वरचेवर तपासणी लागते. अक्का तो टप्पा ओलांडून गेली होती. त्या अडीच वर्षांची किंमत तेव्हां आम्हांस कळली. तरुण वाचकांसाठीं आणखी एक गोष्ट सांगून ठेवतों. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानें नेमलेल्या तज्ज्ञमंडळानें २०२४ सालीं चौदा कारणें दिलीं आहेत; त्यांत रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकाकीपणा, कमी ऐकूं येणें व कमी दिसणें हीं आहेत. तीं आयुष्यभर संभाळलीं तर जवळजवळ निम्म्या रोग्यांचा रोग टळूं शकेल किंवा लांबेल, असा त्यांचा अभिप्राय आहे. कानाचें यंत्र लावण्यास लाजणाऱ्यांनीं हें अवश्य ध्यानांत घ्यावें.

आतां मावशीची रीति. संध्याकाळ झाली कीं अक्का अस्वस्थ होते. या रोगांत कित्येकांस दिवस कलतांना असें होतें. ती पिशवी घेऊन दाराशीं जाते: "शाळेला उशीर झाला." आम्ही सांगत असूं, "अक्का, तुला निवृत्त होऊन बारा वर्षें झालीं." तें तिला प्रत्येक वेळीं नवेंच असे, व प्रत्येक वेळीं तिचें तोंड उतरत असे. मावशी म्हणते, "चला ना, पण तेवढा लसूण सोलून द्या मला, मग निघूं." दोघी लसूण सोलीत बसतात, शाळा मागें पडते. हें असत्य नव्हे काय, असा प्रश्न प्रथम आमच्या मनांत आला. पुष्कळ विचार केल्यावर आम्हांस असें दिसलें कीं, अक्का शाळेचें वेळापत्रक विचारीत नव्हती. आपल्याला अजून कांहीं काम आहे ना, कोणी आपली वाट पाहत आहे ना, हें ती विचारीत होती. त्या प्रश्नाचें खरें उत्तर मावशी देत होती. आम्ही देत होतों तें तारखेच्या दृष्टीनें बरोबर होतें, इतकेंच. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या २०१३ सालच्या 'अस्तु' या चित्रपटांत संस्कृतचे एक वृद्ध पंडित हत्तीच्या मागें निघून जातात, आणि त्यांची भाषाहि धड न जाणणारी माहुताची बायको त्यांस लेंकरासारखें संभाळते. तो चित्रपट आम्हीं पाहिला होता. त्यावर कॉलेजांत चर्चाहि घडवून आणली होती. चर्चेचा अध्यक्ष घरीं येऊन अक्काला तारखा शिकवीत असे.

स्मृतिभ्रंश हा शब्द भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत आला आहे. तेथें त्याची वंशावळ अशी दिली आहे कीं, क्रोधापासून मोह होतो, मोहानें स्मृति भ्रष्ट होते, आणि त्यांतून बुद्धीचा नाश होतो. लहानपणीं अक्कानेंच आमच्याकडून तो अध्याय पाठ करून घेतला होता. मेंदूच्या रोगाशीं त्या श्लोकाचा संबंध नाहीं, हें उघड आहे. परंतु एका रात्रीं तो आठवून आम्ही उठून बसलों. क्रोध अक्काला आला नव्हता, आम्हांस आला होता. अक्काची स्मृति रोगानें नेली, आमची रागानें. आम्ही तिसऱ्या इयत्तेंत असतांना एकोणतिसाचा पाढा आम्हांस येत नव्हता. रोज संध्याकाळीं दिवा लावल्यावर ती आम्हांस पुढें बसवी, आम्ही त्याच जागीं चुकत असूं, आणि ती पहिल्यापासून पुनः सुरुवात करी. पावसाळाभर हें चाललें. त्या पावसाळ्यांत तिनें आवाज चढविल्याचें आम्हांस आठवत नाहीं. तिच्या चार प्रश्नांनीं कावलेल्या आमच्या डोक्यांतून हा सबंध पावसाळा पुसला गेला होता. मग स्मृतिभ्रंश कोणास झाला होता?

एवढें कळल्यावरहि राग येत नाहीं असें नाहीं. रात्रीं तीन वाजतां पांचव्यांदा उठविलें असतां संतालाहि तो येईल. म्हणून या आजारांत रोग्याइतकीच काळजी शुश्रूषा करणाऱ्याची घ्यावी लागते. आमच्या गृहिणीस आठ महिने सलग झोंप नव्हती, आणि तिनें तें सांगितलें नाहीं. पुरुष अशा वेळीं "आम्ही अक्काला संभाळतों" असें म्हणतात, आणि संभाळीत असतें दुसरेंच कोणी. अखेर ती अशा घरांतील माणसांच्या एका मासिक बैठकीस जाऊं लागली, व तिनें आम्हांसहि नेलें. परक्या माणसांपुढें घरचें उघडें करावयाचें, ही कल्पना आम्हांस रुचली नव्हती. तेथें एका गृहस्थांनीं सांगितलें कीं, त्यांची पत्नी त्यांस घरमालक समजून रोज भाडें देऊं करते. आणि ते व आम्ही सर्व पोट धरून हंसलों. तसें हंसण्यास आम्हांस कित्येक महिने झाले होते. या कामास वाहिलेली 'अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसॉर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया' ही संस्था १९९२ सालीं केरळांत स्थापन झाली. मोठ्या शहरांतून अशा रोग्यांसाठीं स्मृति-चिकित्सालयें व दिवसापुरतीं केंद्रें निघालीं आहेत. ज्यांच्या गांवीं कांहींच नाहीं त्यांनीं सरकारच्या फोनवरील दोन सोयी ध्यानांत ठेवाव्या: मनाच्या आजारांसाठीं 'टेलि-मानस', क्रमांक १४४१६, व वृद्धांसाठीं 'एल्डर लाइन', क्रमांक १४५६७.

व्यवहाराची एक गोष्ट फार जणांस उशिरां कळते. साधें मुखत्यारपत्र, तें देणाऱ्याची बुद्धि गेली कीं, कायद्यानें संपतें. म्हणजे ज्या दिवसासाठीं तें करून ठेवलें त्याच दिवशीं तें निरुपयोगी होतें. म्हणून निदान होतांच, माणसास स्वतःचें बरेंवाईट समजत आहे तोंवर, त्याच्या इच्छेनें मृत्युपत्र, बँकेंतील नामनिर्देशन, संयुक्त खातें हीं कामें उरकावीं. या आजाराचें नांव रोग्यास सांगूं नये, असें पुष्कळांस वाटतें. आम्हीं अक्काला सांगितलें. ती म्हणाली, "म्हणजे मी वेडी नाहीं ना?" नाहीं, म्हटल्यावर तिनें सुस्कारा टाकला. नांव कळल्यानें तिला, व आम्हांसहि, जें हलकें वाटलें तें कोणत्याहि गोळीनें वाटलें नव्हतें. बाकीच्या सोयी लहान आहेत: परकराच्या खिशांत नांव व फोनचा क्रमांक शिवून ठेवणें, रात्रीं न्हाणीघराकडे दिवा, गॅसची किल्ली बंद, रोजचा क्रम शक्य तों एकच.

वही मात्र आम्हीं बंद केली नाहीं. रात्रीं जेवणानंतर अक्का अजून ती उघडते, कांहीं आंकडे मांडते व खालीं दोन रेघा ओढते. बेरीज आम्ही तपासीत नाहीं.

हा लेख लिहीत असतांना अक्का तीनदां टेबलाशीं आली आणि तिनें विचारलें, "काय लिहितोस रे?" आम्हीं तीनहि वेळां सांगितलें, "तुझ्याविषयीं लिहितों." तीनहि वेळां ती संकोचली व म्हणाली, "माझ्याविषयीं काय लिहायचें असतें!" बाहेर आतां तिच्या सपातांचा आवाज येत आहे.